४२ अंशांच्या खोलीत कस्टम वॉटरकूलिंग: नळी कोणती, पाणी कोणतं, आणि केबल घरी करायच्या का?

वऱ्हाडी_वॉट

अकोल्यात डेस्कटॉप जुळवतोय. प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स, कार्ड रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स (एएमडीच्या मूळ डिझाइनचं, दोन ८-पिन सॉकेटचं), पॉवर सप्लाय १००० वॉट, पूर्ण मॉड्युलर (सगळ्या केबल सुट्या होणारा). प्रोसेसर आणि कार्ड एकाच लूपमध्ये (पाणी फिरवणाऱ्या नळ्यांच्या बंद फेरीत) घ्यायचे आहेत. ३६० चे (१२० मिमीचे तीन पंखे बसणारे) दोन रेडिएटर ठरवलेत, एक ३० मिमी जाड, एक ४५ मिमी. पंप डी५, टाकी त्याच्याच डोक्यावर बसणारी.

अडचण खोलीची आहे. एसी नाही, कूलर आहे. मे महिन्यात कूलर चालू असताना खोली ३४-३५ वर राहते, बंद असला की ४२. जे काही मार्गदर्शन वाचायला मिळतं ते २२-२५ अंशांची खोली गृहीत धरून लिहिलेलं असतं. म्हणून विचारतो:

एवढे रेडिएटर पुरतील का? पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी चालेल की दुसरी काही? पाणी बॅटरीचं वापरलं तर? आणि २४-पिन (मदरबोर्डची), दोन ईपीएस (प्रोसेसरच्या) व दोन पीसीआयई (कार्डाच्या) केबल पॅराकॉर्ड (विणलेली दोरी) चढवून घरी करायच्या आहेत. त्यासाठी वायर १६ गेज घ्यावी की १८, सोल्डर करावं की क्रिंप (टोकावर धातूचं टर्मिनल दाबून बसवणं)?

थेंबे_थेंबे

केबलचं जाणकार सांगतील, मी पाण्याचं सांगतो.

कार्ड ३५५ वॉट, प्रोसेसर सॉकेटवर जास्तीत जास्त २३० वॉट. म्हणजे ५८५ वॉट पाण्यात जाणार. ढोबळ हिशोब असा की १२० मिमीच्या एका पंख्याच्या जागेतून, पंखा मध्यम वेगात असताना, पाणी खोलीपेक्षा १० अंश वर ठेवून साधारण १०० वॉट बाहेर पडतात. तुमच्याकडे अशा सहा जागा आहेत. म्हणजे पुरतील, पण "पुरतील" याचा अर्थ ४२ च्या खोलीत पाणी ५२ ला असेल एवढाच. रेडिएटर दुप्पट केले तरी ते ४७ च्या आसपास येईल, ४२ च्या खाली कधीच नाही. माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं कारण ते पाझरून उडतं. इथे लूप बंद आहे, उडायला काही नाही. त्यामुळे माठाचं गणित डोक्यातून काढा.

याचा एक फायदाही आहे. पाणी खोलीपेक्षा नेहमी गरमच असल्यामुळे कूलरच्या दमट हवेतही नळ्यांवर दव धरत नाही. ती भीती बाळगू नका.

आता ५२ अंशांचा परिणाम. डी५ ला ६० पर्यंतचं पाणी चालतं, म्हणजे हातात आठच अंश राहतात. पीईटीजी ८० च्या आसपास मऊ पडतं हे खरं, पण फिटिंगमधली ओ-रिंग (रबरी कडी) नळीला चोवीस तास आवळून असते. गरम पाण्यात महिनोन् महिने राहिलेली नळी त्या रेषेवर दबते, बारीक खाच पडते आणि पकड सैल होते. शिवाय पंप अडकला आणि मशीन चालूच राहिलं तर ब्लॉकमधलं (चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी जाणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातलं) थांबलेलं पाणी मिनिटभरात तापतं, आणि कार्डाजवळची पीईटीजी नळी आधी वाकते. तुमच्या खोलीसाठी पीईटीजी नकोच. कडकच हवी असेल तर ॲक्रिलिक. ते शंभरच्या वर मऊ पडतं. माझं मत विचाराल तर काळी ईपीडीएम रबराची मऊ नळी, १०/१६ मापाची. पारदर्शक मऊ पीव्हीसी मात्र घेऊ नका. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ गरम पाण्यात सुटतो, सहा-आठ महिन्यांत नळी दुधाळ होते आणि तोच चिकटा प्रोसेसर ब्लॉकच्या अर्धा मिमीपेक्षा बारीक फटींत जाऊन बसतो. गवंड्याचा लेव्हल पाइप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतो म्हणून वापरणारे असतात, त्याची हीच गत होते.

पाणी. "बॅटरीचं पाणी" चालू शकतं, पण बाटलीवर आयएस १०६९ लिहिलंय का बघा आणि घरचा टीडीएस मीटर बुडवा. ५ च्या आत आकडा आला तर घ्या. आरओचं पाणी ३० ते १५० दाखवतं, ते नको. दुकानात शेजारच्याच फळीवर बॅटरीचं ॲसिड असतं, तेव्हा लिटमस लावून पाहायला लाज वाटू देऊ नका. हे पाणी धुण्यासाठी. कायमचं भरायला गंज आणि शेवाळ रोखणारं तयार, रंगहीन कूलंट घ्या. लूपमध्ये लिटरभर मावेल, दोन लिटर आणून ठेवा, वर्षाने बदला. दुधी रंगाची कूलंट फोटोत छान दिसतात, पण त्यातले कण ब्लॉकमध्ये गोळा होतात.

धातूबाबत एकच नियम: तांबं, पितळ, निकेलचा मुलामा हे एकत्र चालतात, ॲल्युमिनियम एकाही भागात नको. स्वस्त रेडिएटर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे असतात. तांब्याच्या ब्लॉकबरोबर तसा एक जरी बसला की दोघांमध्ये बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खात जातं.

प्लंबरची एक सवय मोडावी लागेल. जी१/४ (लूपमधल्या फिटिंगचं ठरलेलं माप) आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. हे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. गळती आटे थांबवत नाहीत, फिटिंगच्या बुडाची ओ-रिंग थांबवते. टेप मध्ये आली की रिंग सपाट बसत नाही. हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. ॲक्रिलिक टाकीवर पाना लावलात तर आट्यांपासून तडा जाईल.

काटकोन

वरच्या बहुतेक गोष्टी पटल्या, एक सोडून. मऊ नळी सोपी आहे, चांगलीही आहे, पण दोन ३६० आणि टॉवर केस असेल तर ॲक्रिलिक अवघड नाही. लोक फसतात ते कापण्यात.

पीईटीजीसाठीचा चाकाचा कटर ॲक्रिलिकवर फिरवला की कडेला तारा फुटतात. एक्सा ब्लेड ३२ दाती घ्या, नळीभोवती टेप गुंडाळा आणि टेपवरून हळू कापा. मग ४०० चा पॉलिश पेपर, आणि महत्त्वाचं म्हणजे बाहेरची कड साधारण १ मिमी तिरकी घासा. ही तिरकस कड नसेल तर नळी फिटिंगमध्ये ढकलताना ओ-रिंगचा केसाएवढा काप निघतो. तो डोळ्याला दिसत नाही, आणि गळती दुसऱ्या दिवशी सुरू होते. नळीचं टोक ओलं करून, किंचित फिरवत आत घालायचं. "कट्" असा अडल्यासारखा आवाज आला तर बाहेर काढून रिंग तपासा.

वाकवताना आत सिलिकॉनची दोरी, साबणाच्या पाण्यात बुडवून. हीट गन आठ-दहा सेंटिमीटर लांब, नळी सतत फिरती, आणि गरम करायचा भाग वाकवण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर जास्त. नळी स्वतःच्या वजनाने लोंबायला लागली की वाकवा, आधी जोर लावला तर आतली बाजू चपटी होते. नळीत बारीक बुडबुडे उठले तर एक तर गन जवळ होती किंवा नळीने पावसाळ्याची ओल धरली होती. तो तुकडा टाकून द्या.

आणि ॲक्रिलिकला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावू नका. बोर्ड पुसायचं अल्कोहोल हाताशी असतं म्हणून लोक नळीवरचे बोटांचे ठसे त्यानेच पुसतात. वाकवलेल्या जागी ताण असतोच, तिथे अल्कोहोल लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात. साबणाचं पाणी पुरतं.

भाग कोणत्या क्रमाने जोडायचे यावर डोकं शिणवू नका. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल तर ५८५ वॉटनी ते पूर्ण फेरीत २.८ अंशच तापतं. रेडिएटर आधी की ब्लॉक आधी, फरक तेवढ्याच्या आतला. टाकी पंपाच्या लगेच आधी आणि वर हवी, एवढंच बंधन. सगळ्यात खालच्या जागी टी आणि बॉल व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल तर पहिल्यांदा कूलंट बदलताना केस आडवी-उभी करत बसावं लागतं.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नका, पाण्याच्या तापमानावर बांधा. जी१/४ प्लगमध्ये १० के थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) येतो, मदरबोर्डवर त्याची दोन पिनची जागा असेल तर झालं. बाहेरच्या देशातले लोक ४० अंशांना पंखे पूर्ण वेगात नेतात. तुमच्याकडे तसं केलं तर मार्च ते जून पंखे कधी उतरणारच नाहीत. ४० ला ७०० फेरे, ४८ ला ११००, ५३ ला पूर्ण, ५७ ला मशीन आपोआप बंद. आणि उन्हाळ्यापुरता बायोसमध्ये प्रोसेसरला १०५ वॉटचा इको मोड लावा. सॉकेटवरची मर्यादा २३० वरून १४२ ला येते, म्हणजे पाण्यात जाणारे ८८ वॉट कमी. हा प्रोसेसर सगळे कोर जुंपले की ९५ अंशांपर्यंत मुद्दाम चढतो, तो आकडा पाहून लूप बिघडला असं समजू नका.

कूलरची हवा थेट केसवर येऊ देऊ नका. वाळ्याच्या ताट्यांतून बारीक तुषार उडतात, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यातला क्षार रेडिएटरच्या पात्यांवर पांढरा बसतो. तो फुंकरीने निघत नाही.

पक्कड_आणि_पिन

आता केबल. आधी धोका सांगतो. पॉवर सप्लायच्या टोकाचा पिनआउट (कोणत्या पिनवर काय येतं ती मांडणी) प्रमाणित नसतो. मदरबोर्डकडचा २४-पिन सगळीकडे सारखा, पण सप्लायकडे कंपनीगणिक वेगळा, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळा असतो. नेटवरचा तक्ता पाहून पिना भरू नका. सोबत आलेली मूळ केबल घ्या, मल्टिमीटर बीपवर (जोडणी असली की वाजतो तो मोड) ठेवा आणि एकेक पिन शोधून स्वतःचा तक्ता लिहा. कनेक्टर धरताना कुलूप वर, आणि वायरच्या बाजूने बघताय की तोंडाच्या बाजूने, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. अर्ध्या चुका इथेच होतात: तक्ता एका बाजूने लिहिला, पिना दुसऱ्या बाजूने भरल्या, सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं.

मदरबोर्डकडचे आकडे पडताळायला: ३.३ व्होल्ट १, २, १२, १३ वर. ५ व्होल्ट ४, ६, २१, २२, २३ वर. १२ व्होल्ट १०, ११ वर. ८ पॉवर ओके, ९ कायम चालू असणारा ५ व्होल्ट, १४ उणे १२, १६ चालू करण्याचा, २० रिकामा, उरलेले आठ ग्राउंड. ईपीएसमध्ये १ ते ४ ग्राउंड आणि ५ ते ८ बारा व्होल्ट. पीसीआयई ८-पिनमध्ये नेमकं उलटं, १ ते ३ बारा व्होल्ट. दोन्ही कनेक्टरची घरं दिसायला जुळी भावंडं, म्हणून भरायच्या आधी प्रत्येकाला रंगीत टेप लावा.

गेज. एका ८-पिन पीसीआयईवर मर्यादा १५० वॉटची, म्हणजे १२.५ अँपियर, तीन वायरींत वाटून प्रत्येकी ४.२. अठरा गेजची ६० सेंमी वायर जाऊन-येऊन १.२ मीटर होते, तिचा रोध २५ मिलिओहम, पडणारं व्होल्टेज ०.१. सप्लायला ११.४ ते १२.६ ची मुभा असते. म्हणजे १८ पुरते. १६ घेतलीत तर पॅराकॉर्ड ओढताना घाम निघेल आणि स्वस्त क्रिंपर ती नीट दाबणार नाही. एसएन-२८बी हा सगळीकडे मिळणारा रॅचेटचा क्रिंपर १८ पर्यंतचाच आहे.

आपल्याकडच्या दुकानात एक घोळ होतो. "१८ गेज द्या" म्हटलं की कधी एसडब्ल्यूजी मापाची वायर हातात येते. ती सुमारे १.१७ चौरस मिमीची. आपल्याला हवी एडब्ल्यूजी १८, म्हणजे ०.८२. घरच्या फिटिंगची १ चौरस मिमीची वायर इन्सुलेशन जाड असल्यामुळे टर्मिनलच्या मागच्या कानात बसत नाही. यूएल१००७ लिहिलेली मागा, बाहेरून साधारण २.१ मिमी. यूएल१०१५ जवळपास २.८ मिमी असते, ती नको. एक टोक सोलून ब्लेडने खरवडा: आत चंदेरी दिसलं आणि कल्हई नसेल तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियम आहे, परत करा.

माल: २४-पिन ६० सेंमी, ईपीएस ७०, पीसीआयई ६५ धरले तर वायर साधारण ३५.५ मीटर लागते, ५० आणा. मिनी-फिट ज्युनिअर जातीची मादी टर्मिनल ११० लागतात, पहिली तीस वाया जाणार असं धरून २०० घ्या. पॅराकॉर्ड ५५० प्रकारचा, ६० मीटर. तो चढवल्यावर आखडतो, म्हणून प्रत्येक तुकडा वायरपेक्षा २-३ सेंमी जास्त कापा. आतल्या सात दोऱ्या ओढून काढल्या की पोकळ नळी उरते.

क्रिंप असा: इन्सुलेशन ३.५ ते ४ मिमी सोला. टर्मिनलला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी फक्त तांब्यावर, मागची फक्त इन्सुलेशनवर. दोन्हींच्या मधल्या खिडकीत इन्सुलेशन जिथे संपतं ती रेषा दिसली पाहिजे. पुढचे कान दाबल्यावर आत वळून इंग्रजी बी अक्षरासारखे दिसतात. एक तंतू जरी बाहेर राहिला तर कापून टाका आणि पुन्हा करा, कारण तो शेजारच्या पिनला लागू शकतो. मग जोरात ओढा. बरोबर दाबलेल्या १८ गेजच्या वायरीला पाच किलोची पिशवी टांगली तरी सुटत नाही.

सोल्डर नको. कथील तंतूंत वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे वायर कडक-मऊ अशी जोडली जाते. केबल वाकली की ती तिथेच तुटते. शिवाय टर्मिनल घरात थोडं हलतं राहायला हवं, नाहीतर सॉकेटमध्ये सगळ्या पिना एका रेषेत बसत नाहीत.

केबल वळते तिथे बाहेरची ओळ आतल्यापेक्षा लांब लागते. काटकोनात सुमारे ७ मिमी, यू वळणात १४. सगळ्या वायरी सारख्या कापल्यात तर आतल्या फुगतात, आणि कंगवे (वायरी ओळीत धरणारे तुकडे) लावले तरी ते लपत नाही. चुकीच्या घरात पिन गेली तर स्टेपलरच्या दोन पिना टर्मिनलच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवा, कान दबतात, वायर मागून अलगद येते.

तुमच्या कार्डाला ८-पिन आहे हे बरंय. १६-पिनचं १२व्हीएचपीडब्ल्यूआर असतं तर हाताने करू नका म्हणालो असतो. तिथे ६०० वॉटला दर पिनमधून ८.३ अँपियर जातात, क्षमता ९.५ ची. पिन अर्धवट बसली तर चूक पचवायला जागाच नाही.

वऱ्हाडी_वॉट

सगळ्यांचे आभार. ईपीडीएम नळी घेतो, इको मोडही लावतो. बीपवर तपासताना एक गोष्ट दिसली: मदरबोर्डकडच्या १३ नंबरात दोन वायरी आहेत, त्यातली एक बारीक, आणि ती सप्लायकडे वेगळ्याच पिनला जाते. ती काढून टाकली तर चालेल का? आणि पाण्याची चाचणी करताना मशीन चालू न करता पंप कसा फिरवायचा?

पक्कड_आणि_पिन

काढू नका. ती सेन्स वायर. तिच्यातून सप्लायला कळतं की बोर्डापर्यंत ३.३ व्होल्ट किती पोचतंय. ती तुटली तर काही सप्लाय चालूच होत नाहीत, काही चुकीचं व्होल्टेज देतात. काही केबलींत ५ आणि १२ ला पण अशीच असते. एकाच टर्मिनलमध्ये १८ आणि २२ गेज एकत्र दाबा: दोन्ही सोलून पीळ द्या, पुढचे कान दोघींच्या तांब्यावर, मागचे कान फक्त जाड वायरीवर. बारीक वायर बाहेरून येईल, ती हीट श्रिंकखाली झाका. हीट श्रिंकला लायटर नको, पॅराकॉर्डवर काजळी बसते.

केबल पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा ती बोर्डात घालू नका. सप्लायला लावा, १६ आणि १७ वायरच्या तुकड्याने जोडा, एखादा पंखा भार म्हणून लावा आणि प्रत्येक पिनवर मीटर धरा. ३.३ च्या जागी ३.१४ ते ३.४७, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५. १६ न जोडताही ९ वर ५ दिसलं पाहिजे.

थेंबे_थेंबे

तोच १६-१७ चा तुकडा पंपासाठीही वापरा. बोर्ड, कार्ड, सगळ्यांच्या केबल काढलेल्या, सप्लायला फक्त पंप. डी५ ची वीज थेट सप्लायच्या साटा किंवा मोलेक्समधून द्या. तो पूर्ण वेगात २३ वॉटपर्यंत खातो, बोर्डवरचं पंख्याचं हेडर साधारण १ अँपियरचं म्हणजे १२ वॉटचं असतं. बोर्डाला फक्त वेग सांगणारी वायर जोडा.

त्याआधी रेडिएटर धुवा. नव्यात फ्लक्स आणि धातूचा चुरा असतो. साठ अंशांचं बॅटरीचं पाणी अर्धं भरून दोन मिनिटं हलवा, पांढऱ्या मलमलीतून ओता. कापडावर काळे ठिपके येणं थांबेपर्यंत, चार-पाच वेळा. दोघांना मिळून पाच लिटर सहज लागतात.

मग कोरडी चाचणी: हवेचा हातपंप आणि मीटर असलेला लीक टेस्टर, ०.५ बार, अर्धा तास. काटा हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. दुपारी खोली तापत असताना ही चाचणी करू नका, हवा फुगून काटा वर जातो आणि बारीक गळती झाकली जाते. सकाळी करा.

भरताना टाकी भरा, तुकडा जोडा, टाकीत दोन बोटं पाणी उरलं की लगेच तुकडा काढा, पुन्हा भरा. पंपाच्या आतल्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं, कोरडा दहा सेकंदही फिरवू नका. दहा-बारा खेपांत लूप भरतो. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यूची घडी ठेवा, पंप चालू ठेवून केस चारही बाजूंना तिरपी करा म्हणजे रेडिएटरमधली हवा टाकीत येईल. चोवीस तास असंच फिरू द्या. टिश्यू कोरडे असतील तर बोर्डाच्या केबल लावा, आणि टाकीची पातळी पेनने खूण करून ठेवा. पहिल्या आठवड्यात बुडबुडे निघून ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उतरते. त्यानंतरही उतरत राहिली तर कार्डाच्या ब्लॉकखालची फिटिंग आधी बघा.